समुद्रतळाची धूळपाटी

दासगणूंनी १९३९ मध्ये रचलेल्या एकवीस अध्यायांच्या ‘श्रीगजाननविजय’ ग्रंथात ओंकारेश्वराची एक कथा येते. शेगावात ती लहान मुलालाही ठाऊक असते. सोमवती अमावास्येला नर्मदास्नान करून परतताना महाराजांची नाव खडकावर आपटते, तळाची फळी फुटते, पाणी आत येऊ लागते. सोबतची मंडळी जिवाच्या भीतीने महाराजांचा धावा करतात. मग कोळिणीच्या वेषात स्वतः नर्मदा येते, भोकाला हात लावून धरते आणि नाव पैलतीराला लागते. देहूच्या कथेतही नदी असेच काम करते. इंद्रायणीत बुडवलेली तुकोबांची गाथा तेरा दिवसांनी कोरडी वर येते. दोन्ही कथांचा जीव कशात आहे, हे पाहण्यासारखे आहे. नदीच्या तळाशी काय होते, नाव तिथे गेली असती तर काय दिसले असते, तेरा दिवस गाथेची पाने कशात पडून होती, हे कोणी विचारत नाही. विचारणे औचित्याला धरूनही होणार नाही. तळ ही या कथांमध्ये जागा नाही. ते केवळ एक भय आहे आणि कृपा म्हणजे त्या भयापासून वर राहणे.

भक्तिवाङ्मयाने ही कल्पना इतकी पक्की केली की तिने आपले क्रियापदच घडवले. भवसागर आपण ‘तरतो’, देव आपल्याला ‘तारतो’. उलट बाजूस धंदा बुडतो, पैसे बुडतात, घराणे बुडते, शाळा बुडवली जाते आणि दिवसही बुडतो. ‘बुडणे’ या धातूला मराठीत क्वचितच चांगले दिवस आले. ‘बुडी मारणे’ हा खेळातला प्रयोग सोडला तर स्वेच्छेने पाण्याखाली जाणे आणि जीव जाणे यांत आपली भाषा फारसे अंतर ठेवत नाही. समीक्षेत मात्र आपण ‘सखोल’, ‘तळाशी जाणारे’, ‘ठाव घेणारे’ अशी विशेषणे सढळ हाताने वाटत असतो. ज्या तळाची भीती वाटते त्याचीच स्तुती करायची, हा विरोधाभास आमच्या वाङ्मयव्यवहारात इतका मुरला आहे की तो कोणाला टोचतही नाही.

किनाऱ्यावर या भयाला आधारही होता. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. ती आठवण कुलाबा जिल्ह्यातल्या घराघरांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली. अशा समाजाने समुद्राचा तळ शिकण्याचे ठिकाण मानावा, अशी अपेक्षा कशी करायची? तरीही गेल्या काही दशकांत नेमके तेच घडले आहे. मालवण-तारकर्लीच्या समुद्रात, दहा मीटरांच्या आतबाहेर खोलीवर, विदर्भ-मराठवाड्यातली माणसे पाठीवर हवेची टाकी बांधून वाळूवर उतरतात. त्यांतल्या अनेकांना पोहताही येत नसते. शिक्षकाने धरलेले असते आणि ती उतरतात. हा बदल कसा झाला आणि त्यात वाळूचे स्थान काय, एवढाच या टिपणाचा विषय आहे.

आमच्या भागातली पाण्याची शाळा म्हणजे विहीर. वऱ्हाडात, आणि खरे तर सबंध देशावर, मुलाच्या पाठीला वाळलेला भोपळा, पुढे पत्र्याचा डबा बांधत, कमरेला दोर लावत आणि त्याला विहिरीत ढकलत. काठावरचा मामा किंवा थोरला भाऊ दोराचे दुसरे टोक धरून उभा राही. ही शिकवणीच होती. तिचे शास्त्र होते, क्रम होता. भोपळा केव्हा सोडायचा याचा निर्णय गुरूचा असे. मात्र या शास्त्राचे एकच उद्दिष्ट होते, ते म्हणजे वर राहणे. विहिरीत पडलेली घागर काढायला लोखंडी गळ असे आणि गळाने भागले नाही तर पाणबुड्या बोलावत. त्याची विद्या पोटापाण्याची विद्या होती. ती मुलाला शिकवावी असे कोणाला वाटत नसे. पाणबुड्या खाली जाई, वस्तू काढी, पैसे घेई. खाली त्याने काय पाहिले, हे लिहून ठेवण्याची गरज मराठीला भासली नाही.

मराठी वाचकाला समुद्रतळाचे पहिले तपशीलवार दर्शन बहुधा फ्रेंचमधून आणि तेही बालवाङ्मयाच्या दारातून घडले. भा. रा. भागवतांनी ज्यूल व्हेर्न मराठी मुलांसाठी आणला, हे त्यांचे ऋण मोठे आहे. १८६९-७० मध्ये क्रमशः प्रसिद्ध झालेल्या व्हेर्नच्या ‘समुद्राखालील वीस हजार लीग’ या कादंबरीत कॅप्टन नेमो प्रोफेसर आरोनाक्सला समुद्राच्या तळावर फिरायला नेतो. ही मंडळी पोहत नाहीत. शिशाचे जड तळवे घालून ती बारीक वाळूच्या सपाट मैदानावरून चालत जातात. नेमो पुढे, प्रोफेसर मागे, बोलण्याची सोय नाही, सगळा व्यवहार खुणांनी. व्हेर्नने हे साधन हवेतून काढले नव्हते. रुकेरोल आणि देनेरूझ या दोन फ्रेंच गृहस्थांनी १८६० च्या दशकात बनवलेल्या श्वसनयंत्राचे नाव कादंबरीतच येते. पाण्याखालच्या वाळूवर जाणता गुरू अजाण शिष्याला हाताच्या खुणांनी नेतो, हा आजच्या सगळ्या प्रशिक्षणाचा साचा इथे, प्रत्यक्ष प्रशिक्षण जन्माला येण्याआधी सुमारे ऐंशी वर्षे, तयार आहे.

आणि हा गुरू कोण? ‘रहस्यमय बेट’ या १८७४-७५ च्या कादंबरीत व्हेर्नने उघड केले की नेमो हा बुंदेलखंडच्या राजाचा मुलगा, राजपुत्र डक्कर. १८५७ च्या युद्धात सर्वस्व गमावलेला. म्हणजे आधुनिक साहित्यातला समुद्रतळाचा सर्वांत प्रसिद्ध वाटाड्या हा समुद्रापासून शेकडो मैल आत असलेल्या, नद्या-टेकड्यांच्या मुलुखातला माणूस ठरतो. जमिनीवर पराभूत झालेला हिंदी माणूस तळाशी जाऊन स्वतंत्र होतो, ही कल्पना एका फ्रेंच माणसाला सुचली. ‘बुडणे’ या शब्दाच्या दहशतीखाली वाढलेल्या आपल्या कादंबरीकारांना ती सुचली नाही, याची हळहळ वाटते.

प्रत्यक्ष इतिहास १९४३ चा. जाक-इव्ह कूस्तो आणि अभियंता एमिल गान्यां यांनी युद्धकाळातल्या फ्रान्समध्ये ‘अ‍ॅक्वा-लंग’ सिद्ध केले. पेट्रोलच्या टंचाईत मोटारी गॅसवर चालवण्यासाठी गान्यांनी एक झडप बनवली होती. तीच सुधारून पाणबुड्याच्या तोंडाशी आली. बाहेरच्या पाण्याचा दाब जेवढा, तेवढ्याच दाबाची हवा ती मागणीनुसार देते. दहा मीटर खाली दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो. म्हणून तिथे घेतलेला श्वास रोखून वर येणारा माणूस आपली फुप्फुसे फाडून घेऊ शकतो. श्वास कधीही रोखायचा नाही, हा या विद्येचा पहिला धडा. पोहणाऱ्याच्या उपजत सवयीच्या तो अगदी उलट आहे. विहिरीतला मुलगा छाती भरून श्वास धरतो. तोच त्याचा भोपळा. समुद्रातल्या शिष्याला तो भोपळा सोडायला शिकवावे लागते.

साधन विक्रीला आल्यावर अपघात वाढले आणि शिक्षणाची निकड आली. ब्रिटनमध्ये १९५३ मध्ये ‘ब्रिटिश सब-अ‍ॅक्वा क्लब’ निघाला, लॉस एंजेलिस काउंटीने १९५० च्या दशकाच्या मध्यावर नागरिकांसाठी वर्ग सुरू केले आणि १९६६ मध्ये अमेरिकेत ‘पाडी’ ही संस्था स्थापन झाली. आज मालवणात जे धडे दिले जातात त्यांचे मूळ या परंपरेत आहे. अभ्यासक्रम कोणताही असो, चित्र जवळजवळ सारखे होते. आधी तरण तलाव. मग समुद्रातली एखादी शांत, उथळ, वाळूची जागा. तिथे शिष्य अर्धवर्तुळात गुडघ्यांवर बसलेले आणि समोर शिक्षक. मुखवट्यात पाणी येऊ द्या, नाकाने फुंकून काढा. तोंडातले रेग्युलेटर काढा, पुन्हा शोधून घाला. शिक्षक एकेक करून दाखवणार, शिष्य एकेक करून गिरवणार.

गिरवणे हा शब्द इथे सहज आला, पण तो योग्यच आहे. वाळूवर गिरवणे ही आपल्या शाळेची जुनी रीत. पंतोजींच्या शाळेत फळीवर धूळ किंवा बारीक रेती पसरून तीवर बोटाने किंवा काडीने अक्षर काढीत. ती धूळपाटी आणि ती धुळाक्षरे. गणितालाही जुने लोक धूलिकर्म म्हणत. या रेतीचा एक प्रवास फारसा सांगितला जात नाही. मद्रासच्या लष्करी अनाथ मुलांच्या शाळेचा अधीक्षक अँड्र्यू बेल याने देशी शाळांतली मुले रेतीत लिहिताना पाहिली, ती रीत आपल्या शाळेत आणली आणि वरच्या मुलाने खालच्या मुलाला शिकवण्याची पद्धतही रूढ केली. १७९७ मध्ये त्याने या प्रयोगावर पुस्तक काढले आणि त्याची व लँकेस्टरची ‘मॉनिटर’ पद्धत रेतीच्या पेट्यांसह इंग्लंडभर गेली. स्वस्त, चुकले तर हाताने पुसता येणारी आणि कोणालाही न दुखावणारी, असे रेतीचे तीन गुण बेलला दिसले. पाण्याखालच्या शिक्षकाने वाळू निवडली तीही याच तीन गुणांसाठी. खडकावर गुडघा फुटतो, प्रवाळावर प्रवाळ फुटते. वाळूवर कोणाचे काही बिघडत नाही, निदान तसे वाटते. नांगराचा नियमही हेच सांगतो: प्रवाळावर टाकू नका, वाळूवर टाका.

वाळू ‘कोरी’ आहे, हे गृहीतक गेल्या काही वर्षांत ढासळू लागले आहे आणि आमच्या मते या इतिहासातली सर्वांत मोलाची घडामोड तीच आहे. टीका प्रथम आली ती अध्यापनाच्या बाजूने. हवा भरून-सोडून उत्प्लावकता साधणारे जाकीट १९६०-७० च्या दशकांत रुळले. त्याआधी शिशाच्या वजनाने तळाला बसणे सोयीचे होते. नंतर त्याची गरज उरली नाही, पण गुडघ्यांवर बसण्याची सवय राहिली. अशा वर्गात तयार झालेला पाणबुड्या धडे बिनचूक करी, मात्र वाळू सोडताच गोंधळे, हातपाय मारी, गाळ उडवी आणि मागच्या सगळ्यांची दृष्टी घालवी. वाळूवर शिकलेले वाळूपुरतेच राहिले. शिकायची गोष्ट वेगळीच होती: तरंगायचे नाही, बुडायचेही नाही, मधल्या पाण्यात स्थिर राहायचे. श्वास आत घेतला की किंचित वर, सोडला की किंचित खाली, एवढ्यावर देह तोलायचा. ‘पाडी’ने २०१३-१४ मध्ये आपला प्राथमिक अभ्यासक्रम सुधारला तेव्हा या तोलावर पूर्वीपेक्षा अधिक भर दिला. मराठीत गुडघे टेकणे म्हणजे हार पत्करणे. पाण्याखालच्या शाळेला ते उमगायला अर्धे शतक लागले.

या मधल्या अवस्थेला मराठीत शब्द कोणता? ‘तरंगणे’ पृष्ठभागाचे, ‘बुडणे’ नाशाचे. ‘तरळणे’ जवळ येते, पण ते डोळ्यांतल्या पाण्यासाठी राखून ठेवलेले. घार आभाळात पंख न हलवता राहते तिला आपण ‘घिरट्या’ म्हणतो, तेही इथे चालत नाही. आमच्याजवळ उत्तर नाही; मालवणातल्या मुलांनी, जी हे रोज करतात, एखादा शब्द रुळवला तर कोशकारांनी तो विनातक्रार घ्यावा. खुणांचाही असाच पेच आहे. पाण्याखाली अंगठा वर केला तर अर्थ होतो ‘वर चला’. ‘छान’ असा नव्हे. त्यासाठी अंगठा आणि तर्जनी जुळवून वर्तुळ करतात. मराठी माणसाला तर अंगठा आधीच अनेकार्थी: अंगठा दाखवणे म्हणजे फसवणे, अंगठाबहाद्दर म्हणजे निरक्षर. खाली उतरण्याआधी नावेवरच ही नवी बाराखडी पक्की करून घेतात, कारण तिथे चुकलेल्या खुणेचा अर्थ विचारायला जीभ मोकळी नसते.

वाळू कोरी नाही, हे ज्यांना नव्याने शिकावे लागले नाही ते म्हणजे रापणकार. मालवण-देवबागच्या किनाऱ्यावर होडीतून अर्धवर्तुळात जाळे सोडायचे आणि पन्नास-साठ माणसांनी दोन्ही टोके किनाऱ्यावर ओढायची, ही रापण. तळ स्वच्छ वाळूचा असेल तरच ती लागते. खडक असेल तर जाळे फाटते. गाबीत समाजातल्या जाणत्यांना कुठे वाळू, कुठे चिखल, कुठे पाण्याखालचा खडक, हे डोळ्यांनी न पाहता, दोरीच्या ओढीवरून ठाऊक असे. वाळूत राहणाऱ्यांची नावेही त्यांच्या बोलीत आहेत: तळाला चिकटून असणारी लेप, अर्धी रेतीत दडलेली पाकट, तिसऱ्या, खुबे. आणि मुडदुशे. हा निमुळता रुपेरी मासा जाळे जवळ आले की डोके खुपसून रेतीत शिरतो आणि जाळे वरून निघून जाते. रापणकारासाठी वाळू कधीच मैदान नव्हती. ती घरांनी भरलेली वस्ती होती, आणि त्या वस्तीशी त्याचा व्यवहार भुकेचा असला तरी ओळखीचा होता. ही विद्या कोणत्या अभ्यासक्रमात आली नाही. ट्रॉलर आणि पर्ससीन जाळ्यांच्या स्पर्धेत रापण आकसत गेली, आणि तिच्यासोबत ती हाताने वाचलेली भूगोलविद्याही.

मालवणच्या समुद्राला शासकीय संरक्षण मिळाले ते १९८७ मध्ये, २९.१२ चौरस किलोमीटरच्या सागरी अभयारण्याच्या रूपाने. मच्छीमारांनी त्याला विरोध केला. आपले पाणी कागदावर दुसऱ्याचे होते आहे, ही त्यांची भीती निराधार म्हणता येणार नाही. पाणबुडीचे शिक्षण इकडे उशिरा आले. कोचीच्या नौदल शाळेत पाणबुडे तयार होत होते. हौशी लोकांसाठी लक्षद्वीपमध्ये प्रल्हाद कक्कर यांनी १९९० च्या दशकात केंद्र सुरू केले. पुढे महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाने तारकर्लीला स्कूबा डायव्हिंगची संस्था उभी केली, तिची धुरा सागरी जीवशास्त्रज्ञ सारंग कुलकर्णी यांच्याकडे आली, आणि स्थानिक तरुण पाणबुडे व मार्गदर्शक म्हणून घडवले जाऊ लागले. रापण ओढणाऱ्यांचे नातू आता पाहुण्याच्या टाकीची झडप मागून धरून त्याला वाळूवरून नेतात. पाहुण्याचे दोन्ही हात मोकळे, त्याच्या श्वासाकडे आणि डोळ्यांकडे मार्गदर्शकाचे लक्ष. काठावरून दोर धरणारा मामा इथे शिष्याच्या पाठीशी येऊन बसला आहे, एवढे साम्य आम्हांला दिसते. एक तक्रारही नोंदवली पाहिजे. एका हंगामात फार माणसे उतरवायची असली की शिक्षण गळते आणि फक्त नेणे उरते. पाहुणा वर येतो तो छायाचित्र घेऊन. त्याने श्वासाचा तोल शिकलेला नसतो, आणि त्याच्या फिनांनी कोणाची घरे उडवली हे त्याला सांगायला कोणाला सवड नसते.

वाळूखाली नुसती घरे नाहीत, अक्षरेही आहेत. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत १९८० च्या दशकात सागरी पुरातत्त्वाचे काम उभे राहिले. लोथलचे उत्खननकर्ते शि. रं. राव त्याचे प्रवर्तक होते आणि द्वारकेचे संशोधन त्यातूनच झाले. पुरातत्त्वज्ञाने पाणबुडी शिकावी की पाणबुड्याला पुरातत्त्व शिकवावे, हा प्रश्न जगभर होता. तुर्कस्तानच्या केप गेलिडोन्या इथे १९६० मध्ये जॉर्ज बास यांनी स्वतः खाली उतरून तो पहिल्या बाजूने सोडवला होता. गोव्याच्या संशोधकांनीही तीच वाट धरली. गोव्याजवळच्या सुंची खडकाशी त्यांना सतराव्या शतकातल्या पोर्तुगीज व्यापारी जहाजाचे अवशेष सापडले: चिनी मातीची भांडी, तोफ, हत्तीचे दात, पाणघोड्याचे दात. आफ्रिका, चीन आणि गोवा एकाच ढिगात. या कामात वाळू हाताने वारून हळूहळू बाजूला करतात. जोरात हात मारला तर पुरावा आणि दृष्टी दोन्ही जातात. म्हणजे इथेही विद्या तीच: तोल सांभाळून, काही न टेकता, थोडे वरून वाचणे.

पण मराठी वाङ्मयात या वाचनाचा ठसा जवळजवळ नाही. खाडीवर, बंदरावर, जहाजावर आपल्याकडे चांगले लेखन झाले. पाण्याखालचे मात्र वैज्ञानिकांच्या अहवालांत आणि पर्यटनाच्या पत्रकांत वाटले गेले आहे. अहवालांना भाषा अपुरी पडते आणि पत्रकांना भाषा परवडत नाही. मालवणी बोलीत रोज पाण्याखाली जाऊन येणाऱ्या शे-दोनशे तरुणांपैकी एखाद्याने आपले दैनिक अनुभव लिहून काढले, तर सखोलतेची विशेषणे वाटणाऱ्या आम्हां मंडळींना त्यांची किंमत तपासता येईल.

अलीकडची एक बातमी या संदर्भात सांगायला हवी. नौदलातून २०२४ मध्ये निवृत्त झालेले ‘गुलदार’ हे जहाज महाराष्ट्राने मागून घेतले. निवतीच्या खडकांजवळच्या समुद्रात ते मुद्दाम तळाला पाठवायचे, त्यावर प्रवाळ आणि मासे वसू द्यायचे आणि पाणबुड्यांना ते संग्रहालय म्हणून दाखवायचे, अशी योजना २०२५ मध्ये हाती घेतली गेली. बातम्या देताना मराठी वृत्तपत्रांपुढे क्रियापदाचा प्रश्न उभा राहतो. जहाज ‘बुडाले’ म्हणावे तर अपघात वाटतो, ‘बुडवले’ म्हणावे तर घातपात. ‘जलसमाधी’ हा शब्द हाताशी असतो. पण समाधी म्हटले की काम संपले असे वाटते, आणि या जहाजाचे काम तर तिथे पोहोचल्यावर सुरू व्हायचे आहे.